माकडाचा विषाणू आणि मानेतली गाठ

गेल्या पावसाळ्यात घणसोली गावातल्या एक आजी नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलाच्या मानेवर लिंबाएवढी गाठ होती आणि दीड महिना ताप येत-जात होता. "डॉक्टर, गच्चीवर माकडानं याला बोचकारलं होतं. माकडांना विषाणूनं कॅन्सर होतो म्हणतात. तोच याला लागला काय?"

आजींची माहिती अर्धी खरी होती. मान, काख, जांघ येथील लसिकाग्रंथींतल्या पेशी बेसुमार वाढू लागल्या की त्या कर्करोगाला लिम्फोमा म्हणतात. माकडांत तो विषाणूमुळे होऊ शकतो. दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल जातीच्या माकडात हर्पीस कुळातला एक विषाणू जन्मभर निमूट राहतो. तोच मार्मोसेट या चिमुकल्या माकडात शिरला, तर थोड्याच काळात लिम्फोमा होऊन ते दगावते.

आपल्याकडचे लाल तोंडाचे ऱ्हिसस माकड १९७८ पर्यंत परदेशी प्रयोगशाळांना निर्यात होत असे. त्याच्या अंगातही असाच एक विषाणू असतो, पण तो त्रास देत नाही. मात्र अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत काही ऱ्हिसस माकडांना एड्ससारखा आजार जडला (त्याचा विषाणू १९८५ मध्ये सापडला). त्यांची प्रतिकारशक्ती ढासळताच आतला निजलेला विषाणू उठला आणि काहींना लिम्फोमा झाला.

माणसात या विषाणूचा भाऊबंद आहे एपस्टाइन-बार. १९६४ मध्ये आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्याच्या गाठींत तो प्रथम दिसला. तो आपल्याला माकडाकडून मिळत नाही, लहानपणीच एकमेकांच्या लाळेतून मिळतो. तुमच्या-माझ्यासकट बहुतेक सर्वांच्या अंगात तो असतो आणि फार थोड्यांना त्यातून कर्करोग होतो. भारतातल्या मुलांच्या हॉजकिन लिम्फोमाच्या गाठींत मात्र तो वारंवार सापडतो.

म्हणून माकडाच्या ओरखड्याने लिम्फोमा होत नाही आणि तो घरातल्या कुणाला लागतही नाही. ओरखड्याची खरी भीती रेबीजची. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. हळद-चुना लावत बसू नये.

गाठीचे काय? मुलांच्या मानेतल्या बहुतेक गाठी घसा-दातांच्या संसर्गाच्या, काही क्षयाच्या. पण 'गाठ म्हणजे टीबीच' असे धरून तपासणीविना महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात, याची मला चीड येते. गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, वाढत गेली, सोबत ताप, रात्री दरदरून घाम किंवा वजनात घट असली, तर सुईची तपासणी करावी. तिच्यात उलगडा झाला नाही तर अख्खी गाठ काढून तपासावी. लिम्फोमाचा प्रकार सुईने पुष्कळदा कळतच नाही. "गाठीला सुरी लावली की रोग पसरतो" हे आजींनीही ऐकले होते, त्यांना समजवायला मला दोन दिवस लागले.

तपासणीत हॉजकिन लिम्फोमा निघाला. मुलाला परळच्या टाटा रुग्णालयात पाठवले. लहान मुलांतला हा कर्करोग औषधांनी बहुतेकदा पूर्ण बरा होतो. दिवाळीत तो भेटून गेला तेव्हा डोक्यावर केस नव्हते, पण मानेवरची गाठही नव्हती. गच्चीवरच्या माकडांवर आजी अजून काठी उगारतात, तेवढे मी चालू दिले आहे.