आकडा हातात आहे की नुसती चिठ्ठी? एपीएलमध्ये ऑब्जेक्ट कसा ओळखायचा

सुरतच्या रिंग रोडवरचं एखादं टेक्स्टाईल मार्केट डोळ्यासमोर आणा. गाळ्यावर कॉम्प्युटर सांभाळणारा पोरगा आपल्याकडचाच, नंदुरबार-धुळ्याचा, राहायला उधना नाहीतर लिंबायत. समजा, त्याने धुळ्याच्या एका पार्टीची नोंद प्रोग्रॅममध्ये ठेवली आहे: नाव, उधारीचे दिवस आणि मीटरचा दर ९२ रुपये. दिवाळीसाठी नवा दर ठरला ९५. म्हणून त्याने जुन्या नोंदीची 'दिवाळी' नावाने कॉपी केली आणि कॉपीत दर बदलला. संध्याकाळी जुन्या ऑर्डरच्या १२०० मीटरचं बिल काढलं, तर तेही ९५ ने निघालं. ३६०० रुपये जास्त. पार्टी फोनवर ओरडणार, आणि पोरगा शपथेवर सांगणार की जुन्या नोंदीला मी हातच लावला नाही. तो खोटंही बोलत नाही.

घोळ आहे तो व्हॅल्यू आणि ऑब्जेक्ट यांतला. जावा, पायथॉन शिकलेल्यांना हा फरक ऐकून माहीत असतो. पण एपीएलसारख्या ॲरेच्या भाषेत तो जास्त फसवा आहे, कारण तिथे दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात.

एपीएल म्हणजे केनेथ आयव्हरसन यांची भाषा. त्यांचं पुस्तक १९६२ चं, आणि १९७९ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या भाषेत एकेका आकड्यासाठी लूप फिरवत बसावं लागत नाही. ८५, ९२, ११० असे तीन दर एका ॲरेत ठेवले आणि त्यात ५ मिळवले, की एका झटक्यात ९०, ९७, ११५. मूळच्या एपीएलमध्ये ॲरेत आकडे नाहीतर अक्षरं, एवढंच असायचं. ऑब्जेक्ट नंतर आले. आज जास्त वापरात असलेल्या डायलॉग एपीएलमध्ये क्लासची सोय आली ती २००६ च्या अकराव्या आवृत्तीत. नावांची पेटी म्हणता येईल अशी नेमस्पेस त्याच्याही आधीपासून होती.

आता फरक बघा. दरांचा ॲरे दुसऱ्या नावात ठेवला आणि त्यात बदल केला, तर पहिला तसाच राहतो. ताका उचलून दुसऱ्या कपाटात ठेवल्यासारखं, ज्याचा त्याचा माल वेगळा. नेमस्पेसचं तसं नाही. तिच्या नावात माल नसतो, गोडाऊनची चिठ्ठी असते. चिठ्ठीची झेरॉक्स काढली म्हणून गोडाऊन दोन होत नाहीत. झेरॉक्स घेऊन गेलेल्याने माल हलवला, की मूळ चिठ्ठीवाल्यालाही हललेलाच माल दिसणार. आपल्या पोराने काढली ती झेरॉक्स.

मग हातात ताका आहे की चिठ्ठी, हे प्रोग्रॅमने कसं ओळखायचं?

पहिला विचार खोली तपासण्याचा येतो. सुट्ट्या आकड्याची खोली ० असते, साध्या यादीची १, यादीत यादी असेल तर २. ऑब्जेक्टच्या आत एवढं सगळं भरलेलं, त्यामुळे त्याची खोली मोठी असणार, असं वाटतं ना? नाही. त्याचीही खोली ० च येते. आकारही सुट्ट्या आकड्यासारखाच, रिकामा. भाषेच्या लेखी चिठ्ठी हा एक दाणा आहे, आत गोडाऊन असलं तरी. बरेच जण इथेच अडकतात.

सरळ उपाय म्हणजे नावाचा वर्ग विचारणे. एपीएलमध्ये रिकाम्या चौकोनाच्या चिन्हाने सुरू होणारी सिस्टीम फंक्शन्स असतात, त्या चौकोनाला 'क्वाड' म्हणतात. त्यातल्या क्वाड-एनसीला नाव दिलं की ते वर्ग सांगतं: साध्या व्हेरिएबलला २, फंक्शनला ३, ऑब्जेक्टकडे बोट दाखवणाऱ्या नावाला ९. नाव विशिष्ट पद्धतीने गुंडाळून दिलं तर आणखी बारीक उत्तर मिळतं: साधी नेमस्पेस ९.१, क्लासपासून बनवलेला ऑब्जेक्ट ९.२, खुद्द क्लास ९.४.

पण यातही एक खाच आहे. दहा पार्ट्यांच्या दहा नोंदी एका ॲरेत भरल्या आणि त्या ॲरेच्या नावाचा वर्ग विचारला, तर उत्तर येतं २. म्हणजे साधं व्हेरिएबल! ते चुकीचंही नाही. चिठ्ठ्यांचा गठ्ठा हा ॲरेच आहे, चिठ्ठ्या त्याच्या आत आहेत. म्हणून एकेक घटक छोट्या फंक्शनला द्यायचा, आत त्याला तात्पुरतं नाव द्यायचं आणि त्या नावाचा वर्ग बघायचा.

नाव न देता तपासायचं असेल तर क्वाड-डीआर आहे. मशीनने माल कसा साठवलाय ते हे सांगतं. ५ दिला तर ८३, म्हणजे ८ बिटांत बसणारा पूर्णांक. ५०० दिला तर १६३. साडेपाच दिला तर ६४५. ऑब्जेक्टला येतो ३२६, म्हणजे पॉइंटर. मात्र एकट्या ३२६ वर जाऊ नका, आकडे आणि अक्षरं मिसळलेल्या यादीलाही ३२६ च येतो. खोली ० आणि वर ३२६, अशी जोडी जुळली तरच चिठ्ठीचा संशय धरायचा, आणि नल वेगळा तपासून घ्यायचा. माझं विचाराल तर वर्गाची तपासणी जास्त भरवशाची.

हे सगळं कशाला, असं वाटेल. तर जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसची माहिती जेसॉन स्वरूपात जाते, आणि ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ती सक्तीची आहे. जेसॉन डायलॉगमध्ये वाचलं की त्यातली प्रत्येक नोंद नेमस्पेस बनते. मीटर आणि दर आकडे म्हणून येतात, पण बिलातली प्रत्येक ओळ चिठ्ठी म्हणून. आकडा समजून ओळीतच काही मिळवायला गेलात तर प्रोग्रॅम 'डोमेन एरर' म्हणून थांबतो, ते बरंच. कॉपी करताना मात्र तो अवाक्षर काढत नाही.

पायथॉनच्या नमपायवाल्यांनीही हसू नये. ॲरेत डिक्शनऱ्या भरल्या की त्याचा डीटाइप 'ऑब्जेक्ट' होतो, आणि साधी कॉपी फक्त चिठ्ठ्यांची होते. तिथे डीपकॉपी वापरावी लागते.

हात साफ करायला काही विकत घ्यायची गरज नाही. ट्रायएपीएल ब्राउझरमध्ये चालतं, आणि डायलॉग बिगरव्यावसायिक वापरासाठी फुकट मिळतं. एक नेमस्पेस बनवा, तिच्यात दर ९२ ठेवा, ती दुसऱ्या नावात घ्या, तिथे ९५ करा आणि पहिल्या नावातला दर विचारा. मग हेच साध्या ॲरेवर करून बघा.