कार्ट्रिजची एरर आली? नवं आणण्याआधी हे करून बघा

शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख, आणि घरचा प्रिंटर म्हणतो 'कार्ट्रिज प्रॉब्लेम'. कसबा पेठेतून तापकीर गल्ली जवळच, म्हणून आपण लगेच नवं आणायला पळतो. जरा थांबा. शाई संपणं वेगळं आणि प्रिंटरला कार्ट्रिज ओळखू न येणं वेगळं.

एचपी-कॅननच्या दोन कार्ट्रिजवाल्या छोट्या प्रिंटरमध्ये कार्ट्रिजच्या अंगावर तांबूस ठिपके असतात. त्यांच्यातूनच प्रिंटरला कार्ट्रिजची ओळख पटते. तिथे शाई, धूळ, बोटाचं तेल बसलं की झालं! प्रिंटर चालू असताना झाकण उघडा, कार्ट्रिजची गाडी थांबली की वायर काढा. कार्ट्रिज काढून, धागे न सुटणारं कापड जेमतेम ओलं करून ठिपके पुसा, समोरचे गाडीतलेही. खालच्या नोझलला हात नको. दहा मिनिटं वाळू द्या, मग टक् आवाज येईपर्यंत बसवा. कार्ट्रिज नवं असेल तर नोझलवरची टेप काढलीय ना, तेही बघा.

कॅननच्या बऱ्याच मॉडेलवर ई१३ किंवा ई१६ दिसलं, तर तो शाईचा इशारा. रिफिल केलेल्यावर तो येतोच. स्टॉपचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा, छपाई सुरू होते. पण खरंच रिकामं असेल तर रेटू नका, कार्ट्रिज जळतं.

एचपीच्या अशा बहुतेक प्रिंटरमध्ये बिघडलेलं कार्ट्रिज काढून उरलेल्या एकावर छापता येतं. रंगीत बिघडलं असेल तर काळ्यावर फॉर्म आरामात निघतो.

आणि प्रिंटर भिंतीच्या स्विचवरून बंद करू नका. त्याच्याच बटणाने केला तर नोझलवर झाकण बसतं, शाई वाळत नाही.