हप्ता तुटला, घर तुटू देऊ नका!

आपल्या वस्त्यांमध्ये आज अनेक घरांच्या कपाटात एक कागद जपून ठेवलेला असतो. त्याचे नाव तडजोडनामा. बँकेचे, पतसंस्थेचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज थकते, नोटीस येते, लोकअदालतीची तारीख पडते. तेथे व्याजात थोडी सूट मिळते, उरलेल्या रकमेचे हप्ते पाडले जातात, सह्या होतात आणि माणूस सुटकेचा श्वास टाकून घरी येतो. तीन-चार हप्ते वेळेवर जातात. मग कंत्राटदार दोन महिन्यांचा पगार लांबवतो, घरात कुणी आजारी पडते, मुलाच्या प्रवेशाची फी येते आणि पुढचा हप्ता तुटतो. त्या दिवसापासून त्या घरात जे सुरू होते त्याबद्दल आपल्याकडे कुणी उघडपणे बोलत नाही. म्हणूनच आज आम्ही त्यावर लिहीत आहोत.

कोर्टात आणि चळवळीत वावरताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. मूळ कर्ज थकले तेव्हा जो माणूस चार ठिकाणी धावपळ करतो, तोच माणूस तडजोड मोडल्यावर गप्प बसतो. आपण दिलेला शब्द मोडला, आता कोणत्या तोंडाने जायचे, असे त्याला वाटते. तो फोन बंद ठेवतो, पोस्टमनकडून नोटीस घेत नाही, जामीनदार दिसला की रस्ता बदलतो आणि तारखेला जात नाही. नेमक्या याच गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध एकामागून एक हुकूम होतात. कर्जाने घर खचते हे खरेच, पण शरमेने ते अधिक वेगाने खचते.

या शरमेचे कारण तरी काय? साधा हिशोब करून पाहू. समजा घरात महिन्याला १८ हजार रुपये येतात. भाडे, रेशन, दवाखाना, शाळा यांना १५ हजार लागतात. शिल्लक उरते ३ हजार. थकबाकी आहे ७२ हजार आणि समोरच्याला वर्षाच्या आत खाते बंद करायचे आहे, म्हणून हप्ता ठरतो ६ हजारांचा. ही तडजोड सही झाली त्याच दिवशी मोडलेली असते. ते कळायला फक्त चार महिने लागतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली मायक्रोफायनान्सच्या कर्जांसाठी नियम केला, की कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. निम्मे ही कमाल मर्यादा झाली. ज्या घराचे निम्म्याहून अधिक उत्पन्न पोटालाच लागते, त्याचे काय? तेव्हा हप्ता तुटला म्हणजे माणूस बेइमान झाला, हे मनातून काढून टाका.

कागद पाहा, मग घाबरा

आमच्याकडे येणाऱ्या पक्षकाराला आम्ही पहिला प्रश्न विचारतो, की तडजोड नेमकी कुठे झाली? कारण कागद बदलला की धोका बदलतो.

लोकअदालतीत झालेला निवाडा हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. हप्ता तुटला की समोरचा पक्ष नवीन दावा लावत बसत नाही, सरळ दरखास्त दाखल करतो. दरखास्तीसाठी त्याला १२ वर्षांची मुदत असते. शिवाय एक हप्ता चुकल्यास दिलेली सूट रद्द होईल व सगळी रक्कम व्याजासह वसूल होईल, अशी अट बहुतेक तडजोडनाम्यांत असतेच. सही करताना ती कुणी वाचत नाही.

बँकेच्या कचेरीत झालेले वन टाइम सेटलमेंट वेगळे. अशी तडजोड मागणे हा कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले. हायकोर्टही तिची मुदत बँकेवर लादून वाढवून देऊ शकत नाही, असे २०२२ साली सांगितले. म्हणजे मुदतवाढ मिळाली तर बँकेकडूनच मिळेल आणि ती मुदत संपण्याआधी मागितली तरच मिळण्याची शक्यता.

पतसंस्थेचे कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम १०१ लागू होते. निबंधक वसुली दाखला देतो आणि वसुली अधिकारी जप्तीला येतो. त्या दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत तो निम्मी रक्कम कुठून आणणार? म्हणून दाखला निघण्यापूर्वी जी सुनावणीची नोटीस येते, तेव्हाच जाऊन हिशोबाला हरकत घेतली पाहिजे.

सर्वांत फसवा कागद म्हणजे चेक. तडजोडीच्या वेळी दिलेला चेक वटला नाही तर कलम १३८ चा नवा खटला उभा राहतो. तडजोड झाल्यावर जुनी तक्रार मागे पडते, पण तडजोड मोडली की नवे कारण जन्माला येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात मांडले आहे. या कलमात २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर खटला होत नाही. हे १५ दिवस नोटीस टाळण्यात घालवणारे किती तरी बांधव आम्ही पाहतो. आणि कोरा चेक सही करून कुणालाही, अगदी कुणालाही देऊ नका.

जे कायद्यालाही हिरावता येत नाही

वसुलीला येणारे लोक काय काय उचलून नेऊ, हे मोठ्याने सांगतात. काय नेता येत नाही, हे ते कधी सांगत नाहीत. ते आम्ही सांगतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे हुकूमनाम्याच्या जप्तीत अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे यांना हात लावता येत नाही. मजुराची आणि घरकामगाराची मजुरी जप्त होत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि सरकारी निवृत्तिवेतन सुरक्षित आहे. शेतकरी, मजूर किंवा घरकामगार यांचे स्वतःचे राहते घरही जप्तीतून वगळलेले आहे. मात्र तेच घर कर्जासाठी गहाण टाकले असेल तर हे संरक्षण मिळत नाही, हे विसरू नका. चांगली नोकरी असेल तर पगारातील ठराविक हिस्साच कोर्टामार्फत कापता येतो, सगळा पगार नव्हे.

तुरुंगाची भीती सर्वांत जास्त दाखवली जाते. निव्वळ पैसे नाहीत म्हणून दिवाणी हुकूमनाम्यात कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, हे १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात ठणकावून सांगितले. ऐपत असूनही जो मुद्दाम बुडवतो त्याची गोष्ट वेगळी. हा निकाल देताना आधार घेतला तो संविधानाच्या कलम २१ चा. बाबासाहेबांचे संविधान गरीब ऋणकोच्या पाठीशी असे उभे आहे. आणि पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करताच येत नाही, असे कलम ५६ सांगते. बचत गटातल्या, मायक्रोफायनान्सच्या गटातल्या आमच्या माताभगिनींना हे कुणी सांगितले आहे काय?

नवऱ्याच्या कर्जावर बायकोची सही नसेल तर केवळ बायको म्हणून ती देणेकरी होत नाही. कर्जदार मरण पावला तर त्याच्याकडून वारसाच्या हाती जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी असते. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकी देऊ नये, चारचौघांत अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बजावले आहे. पोलीस स्टेशन हे कुणाचे वसुली कार्यालय नाही.

जामीनदाराच्या बाबतीत मात्र कायदा कठोर आहे. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराला सोडून आधी जामीनदाराचा पगार कापला, तरी तक्रारीला जागा नसते. आपल्यात जामीनदार म्हणजे बहुधा मेहुणा, साडू किंवा कामावरचा मित्र. त्याला ही बातमी बँकेच्या नोटिशीतून कळू देऊ नका. तुम्ही स्वतः जाऊन सांगा.

मग करायचे काय?

पहिले, हप्ता चुकणार हे दिसू लागले की चुकण्याआधीच लेखी अर्ज द्या. पगार का थांबला, दवाखान्याचा खर्च किती झाला, याचे कागद जोडा आणि आता किती देऊ शकतो ते आकड्यात लिहा. जो आकडा घरखर्च वजा जाता खरोखर उरतो तोच लिहा, समोरच्याला बरे वाटावे म्हणून वाढवू नका. अर्जाची पोच घ्या. हुकूमनामा झाल्यानंतर नवे हप्ते पाडून घ्यायला धनकोची संमती लागते. ती संमती मिळवण्यासाठी हा कागद कामी येतो आणि ऐपत असून बुडवले, या आरोपाला उत्तर म्हणूनही तोच कामी येतो. जे थोडेफार भराल ते खात्यातच भरा आणि पावती जपा. एजंटाच्या हातात रोख देऊ नका.

दुसरे, तारखेला हजर राहा. वकिलाला पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, कारण अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या त्याच कायद्याच्या कलम १२ ने दिला आहे. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करा.

तिसरे, जुना हप्ता भरायला नवे कर्ज काढू नका. याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्यात आधी फायनान्स कंपनी येते, मग मोबाईलवरचे ॲप येते आणि शेवटी दारात सावकार उभा राहतो. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते.

चौथे, घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि कर्जाचा आकडा सांगा. कमावता माणूस एकटाच हा भार डोक्यात घेऊन फिरतो आणि एक दिवस टोकाचे पाऊल उचलतो. कर्ज घराचे आहे तर हिशोबही घराचा असू द्या.

दरवाजा कुणासाठी उघडा?

एवढे करूनही काही घरांकडे द्यायला खरोखरच काही नसते. त्यांच्यासाठी या देशात कोणती वाट आहे? २०१६ साली दिवाळखोरी संहिता आली. त्या वाटेने बड्या कंपन्यांची प्रकरणे निकाली निघाली आणि धनकोंच्या हाती एकूण दाव्यांच्या साधारण एक तृतीयांश रक्कम आली. उरलेले सोडून दिले गेले. त्याला कुणी पाप म्हटले नाही. त्याच संहितेत कलम ८० पासून गरिबांसाठीही एक प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाला कर्जातून मुक्त करून नव्याने सुरुवात करू द्यावी, असे ते सांगते. हे प्रकरण आजवर अमलात आणलेले नाही. मर्यादा मुळातच तुटपुंज्या, त्यातही दरवाजाला कुलूप! उद्योगपतीचे कर्ज बुडाले तर तो धंद्यातला धोका आणि सफाई कामगाराचा हप्ता तुटला तर तो बेइमान, हा कुठला न्याय?

तथागतांनी अंगुत्तर निकायातल्या इणसुत्तात दारिद्र्यातून ऋण, ऋणातून व्याज, व्याजातून तगादा आणि अखेर बंधन, अशी दुःखाची साखळी सांगितली आहे. तिची सुरुवात दारिद्र्यापासून होते, माणसाच्या नीतीपासून नव्हे, हे ध्यानात घ्या.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. दर रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक तास या कामासाठी ठेवा. वस्तीतल्या तरुण वकिलांना, बँकेत नोकरी करणाऱ्या बांधवांना बोलवा. लोकांना त्यांच्या नोटिसा घेऊन येऊ द्या, अर्ज तेथेच लिहून द्या, तारखेला एक माणूस सोबत पाठवा. आणि त्याचबरोबर, संहितेतील गरिबांचे प्रकरण वाढीव मर्यादेसह लागू करा, ही मागणी तुमच्या मोर्चाच्या निवेदनात पहिल्या पानावर येऊ द्या. जयंतीला वर्गणी मागायला आपण ज्या दारात जातो, त्या दारावर जप्तीची नोटीस लागते त्या दिवशीही आपण गेलो पाहिजे. जयभीम!