दोन डॉलरांचा शिपाई

१७९० च्या एप्रिलमध्ये अमेरिकन काँग्रेसने साध्या शिपायाचा पगार ठरवला: महिना तीन डॉलर. त्यातून कपड्यांचे नव्वद सेंट आणि औषधपाण्याचे दहा सेंट कापायचे. उरले दोन! स्वातंत्र्ययुद्ध लढलेल्या शिपायांना याच राष्ट्राने पगाराऐवजी कागदी रोखे दिले होते, आणि गरजेपोटी पुष्कळांनी ते सटोडियांना मातीमोल विकले होते. अशा सरकारच्या दोन डॉलरांवर नव्या शिपायाने भरवसा तरी कसा ठेवला, याचे मला नवल वाटते.

रोजचा शिधा मात्र कागदावर झकास होता. पौंडभर गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचे मांस, पौंडभर पाव किंवा पीठ, वर घोटभर दारू. हा शिधा पुरवी मक्तेदार. आणि मक्ता देई खजिना, युद्धखाते नव्हे. १७९१ मध्ये जनरल आर्थर सेंट क्लेअर ओहायो नदीपलीकडच्या मूळ रहिवाशांवर चालून गेला, तेव्हा मक्ता होता विल्यम ड्युअरकडे. हे गृहस्थ पूर्वी खजिन्यातच हॅमिल्टनचे दुय्यम होते. आता रोख्यांच्या सट्ट्यात आकंठ बुडालेले.

मोहीम निघायची उन्हाळ्यात, निघाली सप्टेंबरात. क्वार्टरमास्टर सॅम्युअल हॉजडन फिलाडेल्फियातच रेंगाळला होता. रान तोडून वाट करायची, तर कुऱ्हाडी थोड्या, आणि त्याही अशा मऊ की घाव घालताच धार वळावी. तंबू गळके, घोडी उपाशी. सहा महिन्यांच्या बोलीवर आलेल्यांची मुदत वाटेतच संपू लागली.

३१ ऑक्टोबरला मिलिशियातले साठेक जण पळाले. ते मागून येणारा शिधा लुटतील, या धास्तीने सेंट क्लेअरने आपली पहिली पलटण, सुमारे तीनशे कसलेले शिपाई, मागे पाठवली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे वबॅश नदीकाठी लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या योद्ध्यांनी छावणी घेरली, तेव्हा ही पलटण पिठाच्या पोत्यांच्या राखणीला गेलेली! सहाशेहून अधिक शिपाई पडले. हल्ला करणारे स्वतःची भूमी राखत होते, हेही सांगायला हवे.

१७९२ मध्ये प्रतिनिधिगृहाने चौकशी केली. त्या सभागृहाची ही पहिलीच. समितीने सेनापतीला निर्दोष ठरवून मक्तेदार आणि क्वार्टरमास्टर यांच्या गलथानपणावर बोट ठेवले. मला त्या अहवालातली एक गोष्ट फार बोचली. मुदत संपलेल्या शिपायांना पगार न चुकवताच घरी धाडले होते. हातावर टेकवली चिठ्ठी. आणि त्यांनी त्या चिठ्ठ्या पडेल किमतीला विकल्या. पुन्हा तोच खेळ!

ड्युअरचे पुढे काय झाले? मार्च १७९२ मध्ये तो तुरुंगात गेला खरा, पण कर्जापायी. युद्धखात्याचे दप्तर ८ नोव्हेंबर १८०० रोजी वॉशिंग्टनमध्ये आगीत जळाले. अलीकडे अमेरिकन अभ्यासकांनी ठिकठिकाणच्या संग्रहांतून त्याच्या नकला जमवल्या आहेत. त्यांत जोड्यांच्या मागण्या आहेत, पिठाच्या पावत्या आहेत, आणि थकलेल्या पगाराची पत्रे आहेत.