दोघांचे एक बिऱ्हाड

मंगोलियाच्या व उत्तर चीनच्या रुक्ष माळांवर, जमिनीखाली बिळांचे जाळे खणून, कुटुंबकबिल्यानिशी राहणारा जर्बिल हा चिमुकला प्राणी १९५४ साली प्रयोगशाळांसाठी अमेरिकेत आणि १९६४ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पोहोचला व कालांतराने तेथील घराघरांत रुळला. परंतु धन्याची बदली, आजारपण किंवा मुलांचा ओसरलेला उत्साह यांपायी निराश्रित होणाऱ्या जर्बिलांची तजवीज करण्याची जोखीमही त्याबरोबरच प्राणिरक्षक संस्थांवर येऊन पडली. कायमचे घर लाभेपर्यंत अशा जर्बिलांची जोडी एखाद्या स्वयंसेवकाच्या हवाली केली जाते.

या व्यवहारातला पहिला दंडक असा, की जोडी फोडू नये. जर्बिल आपल्या सोबत्याला ओळखतो तो गंधाने, आणि थोड्या दिवसांच्या ताटातुटीनेही ती ओळख पुसली गेली म्हणजे कालपर्यंत एकाच घरट्यात अंगाला अंग लावून निजणारे ते दोन जीव पुन्हा एकत्र सोडताच प्राणांतिक झुंजतात. मग पेटीच्या मधोमध दुहेरी जाळी बसवून, दिवसातून कित्येकदा दोघांच्या बाजू बदलून, परस्परांचा वास अंगवळणी पाडावा लागतो. हे काम चिकाटीचे आहे आणि ते हमखास साधेलच असेही नाही.

‘दोन्ही नर आहेत’ या पहिल्या धन्याच्या ग्वाहीवर विसंबू नये. मादीचा गर्भकाळ अवघा पंचवीस दिवसांच्या आसपास, आणि व्याल्याबरोबर ती पुन्हा गाभण राहू शकते. तेव्हा जाणकाराकडून तपासणी प्रथम करावी.

निवासास तारेच्या पिंजऱ्यापेक्षा काचेची पेटी उत्तम, कारण खणणे हा त्यांचा स्वभावधर्म असून त्यासाठी वीतभर तरी खोल कागदी अंथरूण व सुके गवत लागते. पुठ्ठ्याची नळी आत ठेवावी, की हां हां म्हणता तिचा चुरा होतो; भय वाटले की मागचे पाय जमिनीवर आपटून दुसऱ्याला इशारा दिला जातो. शेपटी धरून मात्र कदापि उचलू नये. तिची कातडी सोलून निघते आणि ती पुन्हा उगवत नाही.

आयुष्य साधारण तीन-चार वर्षांचे असल्याने वय लपवून जोडी देणे ही मी सरळ फसवणूक मानतो. घेणाऱ्यानेही, एक निवर्तल्यावर उरलेल्याचे काय करावयाचे, याचा विचार आधीच करावा. आणि ज्यास एकच जर्बिल हवा असेल, त्यास जोडीतला एक काढून देऊ नये, मग त्याने कितीही गळ घातली तरी. जोडी नेताना जुन्या पेटीतले ओंजळभर अंथरूण अवश्य मागून घ्यावे व नव्या पेटीत मिसळावे.