रॉ फाइल उघडली, पण दिसले काय?

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी मागे तुंबत इंदापूर तालुक्याच्या कडेकडेने पसरले. हिवाळा सरत आला, शेतीसाठी पाणी सुटले, की भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या काठचा गाळ उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) थवे माना खाली घालून चरू लागतात. उजाडायच्या आत मच्छीमारांच्या होड्या कॅमेरेवाल्यांना घेऊन निघतात. पाण्यापासून दूर, कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळरानावर वनविभागाची गवताळ प्रदेशाची सफारी आहे. तिथे चिंकारा, खोकड आणि लांडगा पाहायला माणसे येतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. या दोन तालुक्यांत एका सकाळी किती फोटो निघत असतील? सेकंदाला दहा फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याने थव्याचे उड्डाण पंधरा सेकंद टिपले तरी दीडशे फ्रेम होतात. उन्हे वर येईपर्यंत हजाराचा आकडा सहज ओलांडतो. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल २५ ते ३० एमबीची धरली, तर हजार फाइली म्हणजे २५ ते ३० जीबी. घरी आल्यावर हा ढीग कॉम्प्युटरवर उघडून निवडायचा असतो, आणि तिथे प्रश्न येतो: कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये? सल्ला बहुधा दोन कसोट्यांवर दिला जातो, फुकट आहे का आणि पटकन उघडते का. या दोन्हींच्या आधी विचारायचा एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. फाइलवर क्लिक केल्यावर पडद्यावर जे चित्र येते, ते कोणी तयार केलेले असते?

प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण रॉ फाइलमध्ये खरे तर चित्र नसतेच. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही. कोणत्या बिंदूवर किती प्रकाश पडला एवढेच कळते. रंग मिळवण्यासाठी सेन्सरवर बारीक रंगीत फिल्टरांची जाळी बसवलेली असते. ईस्टमन कोडॅक कंपनीतले ब्राइस बेयर यांच्या या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळाले आणि बहुतेक कॅमेरे आजही तीच वापरतात. जाळीच्या दर चार घरांपैकी दोन हिरवी, एक तांबडे, एक निळे. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक कोटी वीस लाख बिंदू फक्त हिरवा प्रकाश मोजतात, साठ लाख तांबडा आणि साठ लाख निळा. रॉ फाइल ही या मोजमापांची वही आहे. प्रत्येक बिंदूला तिन्ही रंग हवेत, म्हणून उरलेले दोन शेजारच्या घरांवरून हिशेबाने काढावे लागतात. म्हणजे पूर्ण रंगीत चित्रातले दोनतृतीयांश आकडे कोणीही मोजलेले नसतात, सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात. शिवाय सेन्सरचा हिशेब सरळ रेषेत चालतो, दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. डोळ्याला असे चित्र काळपट, हिरवट आणि निर्जीव दिसते. त्याला पांढऱ्याचा तोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, द्यावा लागतो, उजेडाची चढण वाकवावी लागते, आणि मग ते फोटोसारखे दिसते.

हे सगळे करायला वेळ लागतो. म्हणून कॅमेरा रॉ फाइल लिहिताना तिच्या पोटात एक तयार जेपेग चित्रही ठेवून देतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसते ते हेच. आणि झटपट उघडण्याबद्दल ज्यांची वाहवा होते, ती बरीचशी सॉफ्टवेअर रॉ फाइल उलगडतच नाहीत. पोटातले हे जेपेग काढून दाखवतात. पाहणाऱ्याला वाटते आपण रॉ पाहतो आहोत. प्रत्यक्षात तो कॅमेऱ्याने आपल्या आवडीनिवडीनुसार बनवलेले, आठ बिटांत कोंबलेले चित्र पाहत असतो. १४ बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूला १६,३८४ पायऱ्या असू शकतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. दोन्हींच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसल्याने हे आकडे थेट तोलता येत नाहीत, पण फरक किती मोठा आहे ते त्यांवरून कळते.

याने नुकसान काय होते, ते रोहिताच्याच पंखावर पाहावे. हिरव्या बिंदूंना उन्हात सर्वांत जास्त प्रकाश मिळतो, तांबड्यांना कमी. तोल साधण्यासाठी कॅमेरा जेपेग बनवताना तांबड्याचा आकडा वाढवतो. उन्हाच्या प्रकाशात हा गुणक बऱ्याच कॅमेऱ्यांत दोनच्या आसपास असतो. समजा उन्हातल्या गुलाबी पिसाचा तांबडा आकडा सेन्सरच्या कमाल क्षमतेच्या ५५ टक्के आहे आणि हिरवा ८० टक्के. सेन्सरवर काहीच जळालेले नाही, दोन्हीकडे जागा शिल्लक आहे. पण तांबड्याला दोनने गुणले की ११० होतात, आणि जेपेगमध्ये शंभराच्या वर जागा नाही. वरचे दहा कापले जातात. पिसांमधला बारीक भेद पुसला जातो, गुलाबी रंग सपाट होतो, त्याची छटाही सरकते. कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेखही, सहसा या जेपेगवरूनच काढलेला असल्याने तोदेखील तांबडा जळाल्याचे सांगतो. अशी फ्रेम ‘गेली’ म्हणून डिलीट होते. वहीतला आकडा मात्र शाबूत होता. उलटेही घडते. खरोखर मर्यादा ओलांडलेली पांढरी पिसे कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये नरम करून दाखवली जातात, फ्रेम चांगली समजून ठेवली जाते, आणि तिच्यात परत मिळवण्यासारखे काही नाही हे नंतर कळते. चित्रबलाकाचे पांढरे अंग आणि शेपटीकडची गुलाबी पिसे, चमचमत्या पाण्यावरचे पट्टकादंब, सगळीकडे हीच अडचण आहे. भिगवणचे पाणी सकाळच्या उन्हात आरशासारखे होते, त्यामुळे इथे ती जास्त जाणवते.

फोकसचीही तीच कथा. पोटातले जेपेग प्रत्येक कॅमेऱ्यात पूर्ण आकाराचे नसते. सोनीच्या कित्येक मॉडेलांमध्ये ते १६१६ बाय १०८० पिक्सेलचेच असते, सेन्सर ६००० बाय ४००० चा असला तरी. म्हणजे जेपेगचा एक ठिपका सेन्सरच्या जवळजवळ चौदा बिंदूंचा मिळून झालेला असतो. त्या चित्रावर पक्ष्याच्या डोळ्यात फोकस आहे की चोचीवर, हे ठरवणे केवळ अशक्य. सॉफ्टवेअर ते मोठे करून दाखवते आणि पाहणारा म्हणतो, लेन्स मऊ आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. हजार फाइली एकेक उलगडत बसलो तर रात्र सरेल. जुन्या लॅपटॉपवर एका फाइलला दोन-तीन सेकंद लागले तरी पाऊण तास नुसता वाट पाहण्यात जातो. बारामतीत लग्नाचे काम करणाऱ्याला किंवा सोमवारी कॉलेजात हजर व्हायचे असलेल्या विद्यार्थ्याला हे परवडणार नाही. खरे आहे, आणि म्हणून पोटातल्या जेपेगला टाकाऊ म्हणणे चूक ठरेल. पक्षी चौकटीबाहेर गेला, मान वळली, शेजारच्या होडीचे टोक आत आले, हे कळायला ते पुरेसे आहे. धान्य आधी पाखडून मग निवडतात, तसे हे दोन हातांचे काम आहे. पहिल्या हाताला जेपेगचा वेग चालतो. उरलेल्या दोनशे फ्रेमवर निर्णय घेताना खरी फाइल उलगडली गेली पाहिजे. चांगले सॉफ्टवेअर दोन्ही रस्ते देते आणि आपण कोणत्या रस्त्यावर आहोत हे सांगते. विंडोजवर घरगुती वापरासाठी फुकट मिळणाऱ्या फास्टस्टोनमध्ये पोटातले चित्र, अर्ध्या आकाराची रॉ आणि पूर्ण आकाराची रॉ, असे तीन पर्याय सेटिंगमध्ये आहेत. अर्ध्या आकारात जाळीच्या चार घरांचा मिळून एक बिंदू होतो, त्यामुळे अंदाजाची गरज उरत नाही आणि वेगही राहतो. उजेड तपासायला तो उत्तम, फोकस तपासायला नाही. फास्टरॉव्ह्यूअर हे विकत घ्यायचे सॉफ्टवेअर नेमके याच कामासाठी बनलेले आहे: त्याचा हिस्टोग्राम जेपेगचा नसून सेन्सरच्या आकड्यांचा असतो. रॉथेरपी आणि डार्कटेबल ही फुकट, खुल्या स्रोताची सॉफ्टवेअर फोटोवर काम करण्यासाठी आहेत, झरझर चाळण्यासाठी जड; पण सेन्सरवर खरोखर काय जळाले ते तीही दाखवतात.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. रॉ उलगडली तरी तो अर्थ लावणेच झाले ना? हिशेबाची रीत वेगळी, रंगाचे कोष्टक वेगळे, म्हणून एकच फाइल तीन सॉफ्टवेअरमध्ये तीन रंगांची दिसते. मग कोणते खरे मानायचे? प्रामाणिक उत्तर असे, की कोणतेच चित्र अंतिम खरे नाही. खरे आहेत ते मोजलेले आकडे. फरक एवढाच, की रॉ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अर्थ बदलून पाहता येतो, व्हाइट बॅलन्स सरकवता येतो, सावली उघडता येते. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये तो निर्णय शटर दाबताच झालेला असतो आणि उरलेले आकडे फेकून दिलेले असतात.

‘एवढा काथ्याकूट कशाला, फोटो भिंतीवर तर लावायचा आहे,’ असे म्हणणाऱ्यांशी वाद नाही. पण या माळरानांवरचे फोटो आता भिंतीपुरते राहिलेले नाहीत. पुण्याच्या आसपासच्या गवताळ प्रदेशात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा पहिला जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याची सुरुवात हौशी निसर्गप्रेमींना दिसलेल्या, नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या प्राण्यांपासून झाली. सिद्धता अर्थात जनुकांनी दिली, फोटोने नव्हे. पण शंका घ्यायची की नाही, हे अंगावरच्या केसांच्या रंगावर ठरत असेल, तर संध्याकाळच्या तांबूस उन्हात कॅमेऱ्याने रंग भडक करून बनवलेल्या जेपेगवर ते ठरू नये. हिवाळ्यात या गवतावर येणाऱ्या भोवत्या या शिकारी पक्ष्यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या माद्यांची आणि पिल्लांची जात ओळखायला पंखाखालचे पट्टे आणि चेहऱ्यावरची खूण पाहावी लागते, आणि आकाश पाठीमागे असताना ती सगळी काळोखात बुडालेली असते. रॉमध्ये ती बहुतेकदा शिल्लक असते. मंगोलियात गळ्याभोवती खुणेचा पट्टा बसवलेले पट्टकादंब भारतात दिसले आहेत. अशा पट्ट्यावरचे अक्षर वाचता आले तर एका फोटोतून हजारो किलोमीटरचा प्रवास उलगडतो. ते अक्षर पोटातल्या छोट्या चित्रात हरवले, तर नोंदच हरवली.

नोंद म्हटली की टिकाऊपणा आला. कॅनन, निकॉन यांची स्वतःची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, रंग कॅमेऱ्यासारखेच दाखवतात, आणि नवशिक्याने तिथून सुरुवात करणे योग्यच. पण ती आपल्याच कंपनीच्या फाइली उघडतात आणि कंपनी असेपर्यंतच त्यांना वाली आहे. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्याचा धंदा सोडला. त्यांच्या रॉ फाइली तरीही आज उघडतात, याचे मोठे श्रेय डेव्ह कॉफिन या प्रोग्रॅमरला जाते. त्यांनी १९९७ पासून ‘डीसीरॉ’ नावाचा छोटा प्रोग्रॅम खुल्या स्वरूपात लिहीत नेला आणि शेकडो कॅमेऱ्यांची गुप्त लिपी उलगडली. त्याच पायावर ‘लिबरॉ’ उभे आहे, आणि आज कितीतरी सॉफ्टवेअरच्या आत, विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या रॉ विस्तारातसुद्धा, तेच काम करते. कॅननने २०१८ मध्ये सीआर३ हा नवा प्रकार आणला तेव्हा जुनी सॉफ्टवेअर अडली. खुल्या बाजूने तो उलगडायला दोन वर्षे लागली. तेव्हा नवा कॅमेरा घेण्याआधी आपले सॉफ्टवेअर त्याची फाइल उघडते का, हे पाहणे लेन्स निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दरमहा पैसे मोजून घेतलेले लाइटरूम क्लासिक हे सगळे करते, यात शंका नाही. पण त्यात आधी फाइली आयात करून त्यांची सूची करावी लागते, आणि ज्यांच्यातल्या आठशे टाकूनच द्यायच्या आहेत त्यांच्यासाठी तो खटाटोप वाया जातो. पाहण्याचे सॉफ्टवेअर वेगळे आणि घडवण्याचे वेगळे, ही विभागणीच माझ्या मते शहाणपणाची आहे. पाहण्याच्या सॉफ्टवेअरने मूळ फाइलला हातही लावू नये. तारे, खुणा आणि शेरे शेजारच्या छोट्या फाइलमध्ये लिहावेत. मूळ रॉ ही साक्ष आहे. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरसारखी स्पर्धा शेवटच्या फेरीत तीच मागते.

आपले सॉफ्टवेअर नेमके काय दाखवते, हे तपासायला पैसा लागत नाही. कॅमेरा रॉवर ठेवा, चित्राची शैली कृष्णधवल करा आणि अंगणातल्या जास्वंदीचा एक फोटो काढा. सेन्सरला शैली ठाऊक नसते, म्हणून रॉमध्ये रंगाचे सगळे आकडे उतरतील. पोटातले जेपेग मात्र काळेपांढरे होईल. ही फाइल कॉम्प्युटरवर उघडा. फूल तांबडे दिसले तर सॉफ्टवेअर रॉ उलगडते आहे. काळेपांढरे दिसले आणि तसेच राहिले, तर बहुधा तुम्ही जेपेग पाहत आहात. कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर मात्र कॅमेऱ्याची शैली मुद्दाम पाळते, त्यामुळे तिथे ही चाचणी लागू नाही. क्षणभर काळेपांढरे दिसून मग रंग भरला, तर दोन्ही रस्ते त्यात आहेत. भिगवणच्या पुढच्या फेरीआधी ही चाचणी करून घ्या, आणि मागच्या फेरीतल्या ‘जळालेल्या’ फ्रेम अजून डिलीट केल्या नसतील, तर त्या एकदा पुन्हा उघडा.