पाय टेकला, मार्क गेला!

वीकएण्डला तुम्ही काय करता? मॉल, मल्टिप्लेक्स, फार तर सिंहगड आणि पिठलं-भाकरी? मी महिन्यातून एकदा पुण्याहून बस पकडून गंगापूरला घरी जाते आणि आमच्या शेताला लागून असलेल्या नाल्यात मोटारसायकल चालवते. उन्हाळ्यात नाल्यात पाणी नसतं, दगड असतात. टीव्हीएवढे, टीपॉयएवढे, एखाददुसरा चक्क फ्रिजएवढा. स्पीड म्हणाल, तर बांधावरची म्हैस मला आरामात ओव्हरटेक करते. आणि तरीही दहा मिनिटांत टी-शर्ट घामाने चिंब!

मैत्रिणींना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे ‘धूम’सारखं?’ नाही गं बायांनो! २००४ साली ‘धूम’ आला आणि बाइक म्हणजे वेग, आवाज आणि हवेत उडणारे केस, हे समीकरण आपल्या डोक्यात फिट्ट बसलं. मी ज्याबद्दल बोलतेय, ते बरोब्बर उलटं आहे. त्याला म्हणतात ट्रायल्स.

घाई नको, पायही नको

फंडा एकदम सोपा. दगड, चिखल, चढ, ओढा असा एक छोटा टप्पा आखायचा आणि पाय जमिनीला न टेकवता त्यातून गाडी बाहेर काढायची. पाय एकदा टेकला तर एक पॉइंट, दोनदा टेकला तर दोन, तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. पडलात किंवा आखलेल्या हद्दीबाहेर गेलात, तर थेट पाच. गंमत म्हणजे हे पॉइंट मिळवायचे नसतात, टाळायचे असतात. ज्याच्या नावावर सगळ्यांत कमी, तो जिंकला.

खेळ आजकालचा नाही. ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ ही स्पर्धा १९०९ साली सुरू झाली. स्पेनचा टोनी बो २००७ ते २०२४ या काळात दरवर्षी, ओळीने, जगज्जेता ठरला. आजच्या खास ट्रायल्स गाडीचं वजन असतं सत्तर किलोच्या आसपास आणि तिला बसायला धड सीटच नसते. सगळा कारभार उभ्याने!

वजन कमी करण्याचं हे वेडही जुनंच. सॅमी मिलर नावाच्या पठ्ठ्याने ५०० सीसीची एरियल वर्षानुवर्षं घासूनपुसून हलकी केली आणि तिच्यावर १९६२ आणि १९६४ ची स्कॉटिश स्पर्धा मारली. मग तो बुल्टाको या स्पॅनिश कंपनीकडे गेला आणि २५० सीसीच्या हलक्या गाडीवर १९६५ मध्ये पुन्हा जिंकला. त्यानंतर जड गाड्यांचे दिवस भरत आले.

आपल्याकडे अशी खास गाडी कोपऱ्यावरच्या शोरूममध्ये मिळत नाही. मग करायचं काय? घरात आहे त्याच गाडीतून बनवायची! माझी गोष्ट इथून सुरू होते.

तालुकाच गाड्यांचा

गंगापूर म्हटलं की पुणेकरांना नाशिकचं धरण आठवतं. आमचं गंगापूर ते नव्हे. हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातलं. नगरकडून येताना कायगावला गोदावरीचा पूल ओलांडला की आमचा तालुका सुरू. आणि वाळूज आमच्याच तालुक्यात. बजाजचा तिथला कारखाना १९८५ साली सुरू झाला. पुढच्याच वर्षी बजाजने कावासाकीच्या साथीने केबी १०० ही टू-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आणली. वाळूज परिसरात एन्ड्युरन्स, व्हेरॉक अशा सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या वाढल्या आणि त्यांच्या आजूबाजूला जॉबवर्क करणारी लहान लहान वर्कशॉप. त्यामुळे आमच्याकडे कापूस आणि मक्याच्या जोडीला टर्नर-फिटरही पिकतात!

माझे पप्पा त्यातलेच एक. वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर उभे. त्यांची शिफ्टची गाडी म्हणजे काळी केबी १००. सेकंड शिफ्ट संपवून ते परत यायचे, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची. पप्पा रिटायर झाले आणि गाडी गोठ्यात गेली. वर गोणपाट, त्यावर कोंबड्या.

इकडे मी पुण्यात रात्र रात्र ट्रायल्सचे व्हिडिओ बघून पेटलेली. एका ट्रिपला सरळ नवा ग्राइंडर घेऊनच घरी आले. प्लॅन तयार होता. सीट कापायची, मागची फ्रेम कापायची, वजन उतरवायचं. गाडी तशीही पडूनच होती ना!

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “सीट काढली तर बसायचं कुठं गं माय?”

मला वाटलं, जोक केला. मी हसले. ते नाही हसले. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आई म्हणाली, “रात्री दोनदा उठून गोठ्यात गेले होते.”

चाचांचा नियम

गाडी टेम्पोत टाकून गावातल्या चाचांकडे नेली. टू-स्ट्रोकचे जुने मिस्त्री, तालुक्यातल्या निम्म्या राजदूत आणि आरएक्स १०० त्यांच्या हाताखालून गेल्यात. माझ्या हातातला ग्राइंडर बघून म्हणाले, “कापायचं असंल तर दुसरीकडं ने बेटा. नट-बोल्टनं निघतं तेवढंच मी काढतो. कापलेलं जोडता येतं, पण पयल्यासारखं होत नाही.”

मी वाद घातला. मग पत्रकारितेची खोड म्हणून कायदा उघडून बसले आणि गपगार झाले. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं. त्यात खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण. कापलेली फ्रेम घेऊन तिथे कोणत्या तोंडाने जाणार? म्हणजे माझ्या प्लॅनप्रमाणे पप्पांची गाडी कायमची रस्त्यावरून उतरली असती. त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कुठे लागला.

सौदा ठरला. ट्रायल्स फक्त आमच्या शेतात. आणि जे काढू, ते सगळं एका पत्र्याच्या पेटीत, वंगण लावून, चिठ्ठी बांधून.

काय काय बदललं?

आधी सीट, हेडलाइट, इंडिकेटर, कॅरियर, लेगगार्ड आणि साडीगार्ड उतरवलं. पप्पांनी सगळा ढीग धान्याच्या काट्यावर ठेवला. अकरा किलो! ग्राइंडर न लावता.

मग पुढचं स्प्रॉकेट दोन दातांनी लहान बसवलं. टॉप स्पीड गेला, पण पहिल्या गिअरमध्ये गाडी गोगलगायीसारखी, दम न सोडता सरकायला लागली. फूटरेस्ट बोल्टच्या पट्टीवर थोडे खाली आणि मागे घेतले, म्हणजे उभं राहिल्यावर वजन बरोबर मधे येतं. मागे बटन टायर टाकला. खऱ्या ट्रायल्स टायरमध्ये हवा जेमतेम चार-पाच पीएसआय ठेवतात, त्यामुळे तो दगडाला पोटाशी धरतो. साध्या रिमवर ही हौस महागात पडते. हवा फार कमी केली की टायर रिमवर घसरतो, त्याच्यासोबत ट्यूब फिरते आणि व्हॉल्व्ह उपटून निघतो. दोन ट्यूब घालवल्यावर मी दहा-बारावर थांबले.

खरी डोकेदुखी वेगळीच. एकदम स्लो गेलं की इंजिन फट्‌कन बंद! ट्रायल्स गाडीचं फ्लायव्हील जड असतं. ते फिरत राहतं आणि इंजिनला ओढून नेतं. चाचा म्हणाले, मॅग्नेटवर बोल्टने जड रिंग बसवावी लागेल, पण काम एकदम ट्रू पाहिजे. केसभर जरी वाकडी बसली, तरी व्हायब्रेशनने क्रँकचे बेअरिंग जातील. अशी रिंग करणार कोण?

मी फोनवर वर्कशॉप शोधत बसले होते. रविवारी संध्याकाळी पप्पा वाळूजहून आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली रिंग माझ्यासमोर ठेवली. जुन्या सहकाऱ्यांकडे जाऊन स्वतः लेथवर उभं राहून केलेली. “डायल लावून बघितलंय. बिलकुल मारत नाही,” एवढं बोलून हात धुवायला गेले.

रिंग पहिल्या झटक्यात बसली!

धुणं, पुसणं, ऐकणं

एक तास गाडी चालवली की एक तास तिची सेवा. आधी एअर फिल्टर, कारण आमच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. फोम रॉकेलमध्ये धुवायचा, वाळवायचा, तेलाचा हात द्यायचा. कार्बोरेटरचा बाऊल उघडून खालचा गाळ आणि पाणी काढायचं. चेन साफ करून तेल. क्लच केबलमध्ये वरून थेंब थेंब ऑइल, कारण ट्रायल्समध्ये सगळा खेळ क्लचवरच्या एका बोटाचा. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो, तो अधूनमधून खरवडायचा. आणि शेवटी स्पोकला स्क्रूड्रायव्हरने टिचकी मारत चाक फिरवायचं. ताणलेला स्पोक टिंग वाजतो, ढिला झालेला ठप्प. पप्पांचे कान लेथपाशी राहून थोडे गेलेत, पण हा ‘ठप्प’ त्यांना बरोबर ऐकू येतो.

तुम्हालाही किडा चावलाय?

* गाडी स्वस्तातली चालेल, पण कागदपत्रं पक्की हवीत. चेसिस नंबर नीट वाचता आला पाहिजे.
* जागा स्वतःची किंवा परवानगी घेतलेली. तिथपर्यंत गाडी टेम्पोतून न्यायची, रस्त्यावरून नाही.
* पहिले पैसे हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि ग्लोव्हजवर. टायर नंतर.
* सायलेन्सरला हात लावू नका. ट्रायल्सला आवाज लागत नाही.
* एका वेळी एकच बदल करा आणि चालवून बघा. नाहीतर काय बिघडलं तेच कळत नाही.
* एकट्याने नाल्यात उतरू नका. गाडी अंगावर पडली तर उचलायला कुणीतरी हवं.

रिझल्ट

आमच्या नाल्यात दहा दगडांचा टप्पा आहे. पप्पा लिंबाखाली बसून बोटांनी मार्क देतात. गेलं वर्षभर पंजाच दिसत होता. मागच्या महिन्यात फ्रिजवाल्या दगडावर पुढचं चाक चढलं, इंजिन बंद पडता पडता रिंगने ओढून नेलं आणि मी पलीकडे! मान वर करून बघितलं, तर दोन बोटं.

“दोनदा टेकला,” पप्पा म्हणाले. “पयल्यांदा मला दिसलाच नसता, तर एक दिला असता.”

मग म्हणाले, “आण ती पेटी.”

सीट लावायला दोघांना वीस मिनिटं लागली. पप्पांनी किक मारली आणि शेतातल्या गाडीवाटेने बसून, अगदी ऐटीत, घराकडे निघाले. मी मागून चालत पोचले, तर ओट्यावर दोन कप तयार. “आवाज आला म्हणून ठेवला,” आई म्हणाली.

बाकी, एक ग्राइंडर विकणे आहे. बॉक्सपॅक. एकदाही वापरलेला नाही!